दीड मूठ

वीजखात्यात एकतीस वर्षं काढली.
चोडणच्या बेटावर असा खांब नाही
ज्याला मिठी मारून मी वर चढलो नाही.
आणि आता, निवृत्तीनंतर, कळतंय
की आभाळ बघायचं तर
यातले निम्मे दिवे विझवायला हवेत.

एर्मेलिंडा टीचर हसतात.
त्या भूगोल शिकवायच्या. आता शनिवारी रात्री
खाजनाच्या बांधावर आम्हा पाचजणांना आकाश शिकवतात:
मी, फेरीबोटीवरचा गुणो,
नववीतल्या दोन मुली, आणि एक कुत्रा,
जो एकही शनिवार चुकवत नाही
आणि काहीही शिकत नाही.
टॉर्चला लाल जिलेटीन, डोळ्यांना वीस मिनिटं काळोख,
मग वर.

पहिल्या रात्री मी बोट करून म्हटलं, तो मंगळ.
तो पोंबुर्प्याच्या टॉवरचा दिवा निघाला.
मुली इतक्या हसल्या की मानशीवरचे बगळे उठले.
पुढे शिकलो: लुकलुकते ती चांदणी,
स्थिर जळतो तो ग्रह.
लुकलुकणं म्हणजे लूज कनेक्शन, मी म्हणालो.
टीचर म्हणाल्या, नाही,
मधली हवा हलते. तार ठीक आहे.

हात सरळ पुढे, मूठ वळलेली: दहा अंश.
एवढंच माप.
क्षितिजापासून वर मी मुठी रचत जातो
चिऱ्यांवर चिरे ठेवावेत तशा.
ध्रुव मला वाटायचा डोक्यावर असेल, कळसासारखा.
तो हळदोण्याकडच्या माडांना टेकलेला,
दीड मूठ फक्त,
धुरकट, हुडकायला दोन रात्री लागल्या.
एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा, आणि असा खाली बसलेला!
त्याचं काही नाही, टीचर म्हणाल्या,
आपण कुठे उभे आहोत, तेवढं तो सांगतो.
साडेपंधरा अंश. गोवा.

चैत्रातली अवस. अकराच्या सुमाराला
धक्क्याकडे एक ओळखीचा आवाज झाला
(फ्यूज; मला वळून बघावं लागत नाही)
आणि बेट विझलं.
लगेच खिशातला फोन.
लोकांना अजून माझाच नंबर पाठ.
शांबाब, लायट गेली.
शांबाब, कधी येणार?
बघतो, म्हणालो,
आणि बघत राहिलो.

दक्षिणेला, रायबंदरच्या वर, चार चांदण्या.
त्रिशंकू, मी म्हणालो. खुरीस, टीचर म्हणाल्या.
मुलींना पतंग दिसला.
मूठ लावली. दीड.
उत्तरेला दीड, दक्षिणेला दीड.
हे कुणी सांगितलं नव्हतं, माझं मी मोजलं.
दोन बुटके खांब, मधे सगळं आभाळ ओढलेलं,
फक्त या तारेचा झोळ वरच्या बाजूला.

डावीकडे, जरा खाली, पिवळसर एक.
तो मित्र, टीचर म्हणाल्या,
नुसत्या डोळ्यांना दिसतात त्यांतला सगळ्यात जवळचा.
त्याचा उजेड इथवर यायला चार वर्षं, चार महिने.
मुलींनी वहीत लिहून घेतलं.
मी बोटांवर मागे गेलो.
बोट नाताळावर येऊन थांबलं.

तेव्हा कायतान चर्चच्या भिंतीला शिडी लावून
बांबूचं नक्षत्र टांगत होता,
मी खाली शिडी धरून.
मग तो पावसाळा. पोंबुर्प्याची लाईन.
कुणीतरी न विचारता स्विच ओढला होता.

ती बातमी मित्रापर्यंत अजून गेलेली नाही.
तिथून आत्ता कुणी इकडे पाहिलं
तर तो शिडीवरच आहे,
तोंडात खिळे, एक हात खाली,
शांबा, पक्कड दे.

लायट आली. बेटभर आरोळी उठली.
पतंग फिका झाला, कुत्रा उगाच भुंकला,
गुणो म्हणाला, चला, शेवटची फेरी.
मी हात वर केला.
मूठ वळलेलीच होती.